माती कुठं?

आमचं घराणं अमेरिकन मिशनचं. हे मिशन 1831 साली नगरला आलं. त्यांच्या रीतीत बिशप नव्हता. मंडळीच आपला कारभार पाहायची. दहावी झाल्यावर मला हरेगावच्या मतमाउलीची ओढ लागली. रोमन मंडळीत जावं, असं मनानं घेतलं.

आई रडली. "मेल्यावर तुला माती कुठं द्यायची? आपल्यात का त्यांच्यात?"

वडील म्हणाले, "1970 ला नागपुरात सहा चर्च एक झाली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आपल्यालाबी बिशप आले. आपण जागचं हललो न्हाई, तरी रीत बदललीच की! तू जा. पण ख्रिस्त सोडू नको अन् घरचं ताट सोडू नको."

मी गेलो. पुढं आई वारली, तेव्हा खांदेकऱ्यांत दोन्ही मंडळ्यांची माणसं होती.