अकरा जण निवडायचे कुणातून?

मंडळी, भातं कापून झाली. आता आठ-पंधरा दिवसांत शेतांत पीच तयार होतील, बांधावर मंडप पडेल आणि मस्तान नाक्यापासून पार विक्रमगडपर्यंत टेनिस बॉलच्या टुर्नामेंटचे बॅनर लागतील. मोठ्या स्पर्धेला मोटारसायकल, छोट्या स्पर्धेला बोकड आणि कोंबडे. हल्ली तर खेळाडूंवर बोली लागते. संघमालक असतो, आयकॉन खेळाडू असतो, जर्सीवर पाठीमागे आडनाव असतं. हे सगळं मला आवडतं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी बघत बसतो. पण बॅनरच्या खालच्या ओळीवर मात्र माझी नजर अडकते. 'फक्त समाजबांधवांसाठी.' आगरी, कुणबी, भंडारी, वाडवळ, मांगेला, आदिवासी, ज्याची त्याची वेगळी.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेची बातमी करायला गेलो होतो. गाव सांगत नाही, समाजही सांगत नाही, कारण गोष्ट कुठल्याही गावात घडली असती. सकाळी आयकॉन खेळाडू सराव करत होता आणि मंडपवाल्याबरोबर आलेला पाड्यावरचा एक पोरगा त्याला बॉल टाकत होता. अनवाणी. दोनदा दांडी उडवली त्याने. मी म्हटलं, हा कुठल्या संघात? संयोजक हसला. "भाऊ, तो आपल्यातला नाही ना." उद्घाटन झालं, नारळ फुटला, तेव्हा तो पोरगा बाउंड्रीला चुना मारत होता.

तेव्हा मला बाळू आठवला. पालवणकर बाळू. 'लगान'मधला कचरा आठवतोय ना? ते पात्र बाळूवरून सुचलं असावं असं बरेच जण म्हणतात. ते जाऊ दे, खऱ्या बाळूची गोष्ट सिनेमापेक्षा मोठी आहे.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातलं, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर बाळूला काम मिळालं. पीचवर रोलर फिरवायचा, जाळं बांधायचं, पट्टा आखायचा. पगार महिना चार रुपये. साहेब लोकांना सरावासाठी बॉलही टाकायचा. त्यांच्यात कॅप्टन ग्रेग नावाचा तेव्हाचा नावाजलेला बॅट्समन होता, तो तासन् तास बाळूच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करायचा. आपल्याला आऊट केलं की तो बाळूला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. बॅट मात्र बाळूच्या हातात कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबाची, बॉलिंग नोकराची.

पुण्यातल्या हिंदूंचा वेगळा क्लब होता आणि त्यांना या गोऱ्यांना हरवायचं होतं. हरवू शकेल असा बॉलर समोरच उभा होता, पण घ्यायचा की नाही यावर क्लबात वाद. काही तेलुगू सभासद म्हणाले घ्या, काही मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध. शेवटी, बाळूला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल असं ग्रेगनेच बोलून दाखवलं म्हणतात. बाळू संघात आला. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाच्या वेळेला मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून प्यायचे आणि बाळूला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं पानही वेगळं.

नंतर तो मुंबईला आला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. धाकटा भाऊ शिवरामही त्याच संघात आला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ रनांनी हरवलं. ज्यांचं राज्य त्यांनाच त्यांच्या खेळात हरवलं, म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट! पण बारकाईने बघा. हिंदूंचा संघ आदल्या वर्षांपेक्षा अचानक जास्त हिंदू झाला नव्हता. निवडणाऱ्यांनी एक दार उघडलं होतं आणि त्या दारातून आलेल्या माणसाने बळी घेतले. संघबांधणी म्हणतात ती एवढीच असते. पैसा, जर्सी, प्रशिक्षक सगळं नंतर. आधी प्रश्न हा की अकरा जण निवडायचे ते कितीजणांतून.

दार उघडलं तेही अर्धंच. १९११ मध्ये पहिला भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज कर्णधार आणि बाकी निवड धर्मवार, पारशी इतके, हिंदू इतके, मुसलमान इतके. संघ सपाटून हरला. बाळूने मात्र त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पस्तिशीत आणि दुखऱ्या खांद्यानिशी. असा माणूस परत आल्यावर हिंदू संघाचा कर्णधार व्हायला हवा होता की नको? नाही झाला. एम. डी. पै कर्णधार झाले. पै माणूस मोठा, त्यांनी स्वतःच्याच सत्कारात सांगितलं की हा मान बाळूचा होता. पण मान मिळाला नाहीच.

१९२० साली हे प्रकरण फुटलं. पहिल्या सामन्याला पै नव्हते. बाळूला संघातूनच वगळलं होतं आणि कर्णधारपद गेलं पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे. सर्वात धाकटा भाऊ विठ्ठल तोवर संघातला अव्वल बॅट्समन झाला होता. तो आणि शिवराम, दोघांनी संघातून माघार घेतली आणि का घेतली ते वर्तमानपत्रातून जाहीर सांगितलं. जात बघून कर्णधार निवडता, तर आम्ही खेळत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. (आज कुणी खेळाडू असं पत्र लिहील का, विचार करा. व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडेल फार तर.) लोक भावांच्या बाजूने बोलू लागले. पुढच्या सामन्याला दोघे परत आले, बाळू संघात आला आणि उपकर्णधार झाला. पै यांनी काही वेळ मैदान सोडलं, म्हणजे तेवढा वेळ का होईना बाळू संघाचं नेतृत्व करेल. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

जाता जाता, बाळूने १९३७ ची निवडणूकही लढवली, काँग्रेसकडून. समोर कोण, तर साक्षात डॉ. आंबेडकर. बाळू दोन हजार मतांनी पडला. त्यावर वेगळी पोस्ट होईल, इथे नको.

तर ही जी स्पर्धा होती तिच्यात पारशी, युरोपियन, हिंदू असे तीन संघ होते. १९१२ मध्ये मुसलमानांचा आला, १९३७ मध्ये पाचवा. त्या पाचव्याचं नाव काय, तर 'रेस्ट'. म्हणजे उरलेसुरले! ख्रिश्चन वगैरे, जे कुठल्या खणात बसत नाहीत ते. सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून ते उरल्यासुरल्यांत. १९४३ च्या फायनलला हिंदूंनी ५८१ केल्या, विजय मर्चंट २५० नाबाद. रेस्ट पहिल्या डावात १३३ ला गुंडाळले गेले. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! एकाने किल्ला लढवला आणि संघ तरी डावाने हरला, कारण साथ द्यायला माणसंच नव्हती. खण करून संघ बांधले की असंच होतं. एका खणात बॅट्समनची गर्दी, दुसऱ्यात एकटा माणूस. आणि हेच उरलेसुरले हजारे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून पहिली कसोटी जिंकली तेव्हा भारताचे कर्णधार होते.

या धर्मवार स्पर्धेला तुफान गर्दी व्हायची. १९३४ मध्ये प्रांतवार रणजी करंडक सुरू झाला, त्याला एवढं प्रेक्षक नव्हते. म्हणजे 'लोकांना आवडतं' हा मुद्दा तेव्हाही होता. १९४० मध्ये गांधीजींनी असे सामने बंद व्हावेत असं मत दिलं, तरी ते चालूच राहिले. शेवटची स्पर्धा १९४६ च्या सुरुवातीला संपली आणि मग पडदा पडला. राहिला तो रणजी करंडक. मुंबईने त्यानंतर १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं तो जिंकला. त्या संघात कुणी 'हिंदू जिमखान्याचा' म्हणून निवडला जात नव्हता. मुंबईचा आणि खेळता येतं, एवढं बस्स.

गंमत बघा, आपल्याकडे हे बंद होत होतं त्याच सुमारास अमेरिकेत बेसबॉलमध्ये हीच भिंत पडत होती. मला बेसबॉल बघायचा नाद आहे, घरचे वैतागतात, पण त्यातून शिकायला मिळतं. तिथे मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना बंदी. लिहिलेला नियम नाही, तरी पाळलेली. त्यांची लीगच वेगळी. ब्रुकलिन डॉजर्सचा ब्रँच रिकी हा माणूस संघबांधणीतला गुरू. छोट्या गावांतले संघ हाताशी धरून पोरं तिथे तयार करायची आणि वर आणायची, ही पद्धत त्याने आधी सेंट लुईसमध्ये बसवली होती. त्यानेच १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवलं. त्याच वर्षी डॉजर्स फायनलला, वर्ल्ड सिरीजला, पोचले. बोस्टनच्या संघाने १९४५ मध्ये याच रॉबिन्सनची चाचणी घेऊन त्याला परत पाठवलं होतं. त्यांनी पहिला काळा खेळाडू घेतला १९५९ मध्ये, सगळ्या संघांत शेवटी. १९१८ नंतर त्यांना वर्ल्ड सिरीज मिळाली ती थेट २००४ ला. सगळा दोष त्याचा नाही, पण जिंकायचं असताना रॉबिन्सन परत पाठवणाऱ्यांना मी तरी दुर्दैवी म्हणणार नाही.

आता आपल्या घरी या. पालघर-माहीमचा शार्दुल ठाकूर. शाळेत असताना किटची बॅग घेऊन ट्रेनने मुंबईकडे जायचा. दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं आणि राहायला स्वतःच्या घरी ठेवलं, त्या शाळेकडून एका सामन्यात त्याने ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले. रणजीत पहिला सामना खेळला नोव्हेंबर २०१२ मध्ये. आणि विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली एप्रिल २०१३ मध्ये! म्हणजे आमचा पोरगा रणजीला आधी पोचला, लोकल आमच्याकडे नंतर. मार्च २०२४ मध्ये मुंबईने बेचाळिसावा रणजी करंडक जिंकला. सेमीफायनलला तमिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ अशी अवस्था होती, तेव्हा त्याने १०९ मारल्या. फायनलला विदर्भाविरुद्ध ७५. आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी मुंबईचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं.

आपण सगळे अभिमानाने स्टेटस ठेवतो. पण शार्दुलला उचललं कुणी? एका शिक्षकाने, आडनाव न विचारता. आणि उचलून न्यावं लागलं बोरिवलीला. इथून पोरं वर नेणारी शिडी असती तर एका सरांच्या नजरेवर सगळं अवलंबून राहिलं नसतं. विदर्भाचा उमेश यादव बघा. खाणकामगाराचा मुलगा, विशीच्या आसपासपर्यंत टेनिस बॉलच खेळत होता. मग लेदर बॉल हातात आला आणि २०११ मध्ये कसोटी. टेनिस बॉलवर वाढलेला पोरगा पुढे जात नाही असं म्हणणाऱ्यांना हे सांगा. आमच्या जव्हार-मोखाडा-विक्रमगडच्या पाड्यांवर किती खांदे असे आहेत ते कुणी मोजलेलंच नाही.

समाजाच्या स्पर्धा वाईट असं मी म्हणत नाही. मुंबईला गेलेली माणसं त्या निमित्ताने गावी येतात, सोयरिकी जमतात, शिल्लक पैशातून वह्या वाटल्या जातात. त्या करा. पण वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा, सगळ्यात मोठं बक्षीस, ते गाववार किंवा तालुकावार संघांचं असावं. प्रत्येक संघात दोघे तरी एकोणीस वर्षांखालचे हवेत, आणि ते बेंचवर बसवायला नव्हे. बोलीत जेवढा पैसा एका आयकॉनवर जातो तेवढ्यात एक मॅटिंगचं पीच आणि लेदर बॉलचे दोन डझन येतात. शाळांच्या पोरांना त्यावर दर रविवारी खेळू द्या. संयोजक मित्र म्हणतात, "मालक पैसे देतात ते समाजासाठी." मान्य. तेव्हाच्या जिमखान्यांनाही पैसे त्याच कारणाने मिळायचे.

मी यंदा आमच्या नाक्यावरच्या मंडळाला एक कागद दिलाय. स्पर्धेच्या नियमात एकच ओळ बदला म्हणून, प्रत्येक संघात निदान तीन जण समाजाबाहेरचे, गावातले किंवा पाड्यावरचे. अध्यक्षांनी कागद खिशात घातला, चहा पाजला, काचेच्या ग्लासात, आणि "मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणाले. मीटिंग येत्या रविवारी आहे. मंडपवाल्याचा नंबर मी घेऊन ठेवलाय. तो पोरगा यंदा कुठल्या पाड्यावर आहे ते त्याला माहीत असेल.