मांजराचा गृहप्रवेश

मनुष्याने पाळलेल्या प्राण्यांपैकी बहुतेकांना त्याने स्वतः पकडून आणले, वेसण घातली, दावणीला बांधले आणि कामास जुंपले. मांजर मात्र कोणाच्या आमंत्रणाची वाट न पाहता आपल्या पायांनी आले, आणि जेथे धान्याची साठवण तेथे उंदीर व जेथे उंदीर तेथे आपण, या सरळ हिशेबाने मानवी वस्तीत रुजू झाले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याच्या सांगाड्याशेजारी मांजराचाही सांगाडा सापडला, इतका हा सहवास पुरातन आहे. परंतु या दीर्घ काळात मांजर घरचे असले तरी घरात कोंडलेले नव्हते. आपल्याकडील वाड्यांतही माळ्यावर, परसात आणि कौलांवर त्याचा अनिर्बंध संचार असे, आणि दुधादह्याचे भांडे शिंक्यावर टांगण्यापलीकडे त्याचा विशेष बंदोबस्त कोणी करीत नसे. मांजराला चार भिंतींच्या आत कायमचे आणण्याची कथा अगदी अलीकडची असून तिचे महत्त्वाचे प्रसंग इंग्लंड-अमेरिकेत घडले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मांजराचा दर्जा मुख्यतः चाकराचा होता, याची साक्ष सरकारी दप्तरातच आहे. १८६८ साली लंडनच्या टपाल खात्यातील मनीऑर्डर कचेरीला उंदरांचा उपद्रव असह्य झाला, तेव्हा रीतसर अर्ज होऊन तीन मांजरांना उमेदवारीवर घेण्याची मंजुरी मिळाली. त्यांच्या खर्चासाठी मागितलेल्या दोन शिलिंगांपैकी आठवड्याला एकच शिलिंग मंजूर झाला, आणि उर्वरित वेतन त्यांनी उंदरांच्या रूपाने वसूल करावे, अशा आशयाचा शेरा वरिष्ठांनी मारला. यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १३ जुलै १८७१ रोजी, हॅरिसन वेअर या चित्रकाराच्या पुढाकाराने त्याच शहरातील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि कोठारात राबणारा हा प्राणी रूप, रंग व कुळ यांच्या निकषांवर पारखला जाऊ लागला. चाकरीचे मोल कामावर ठरते, शोभेच्या वस्तूला मात्र जपावे लागते. दार लोटून घेण्याची इच्छा तेथूनच बळावली.

इच्छा झाली तरी सोय नव्हती. अन्नाची अडचण त्यामानाने लहान होती, कारण घोड्याचे उकडलेले मांस काड्यांना टोचून दारोदार विकणारे फेरीवाले लंडनमध्ये होतेच, आणि हेन्री मेह्यू याने शहरातील श्रमजीवींच्या आपल्या वृत्तांतात त्यांची दखल घेतली आहे. खरी अडचण मलमूत्राची होती. राखेची किंवा वाळूची पेटी ठेवावी, तर राखेने माखलेली पावले घरभर उमटत आणि दुर्गंधी हटत नसे. १९४७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लो या तरुणाकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागावयास आली, तेव्हा त्याने तिला वाळूऐवजी, सांडलेले तेल टिपण्यासाठी कारखान्यांना विकावयाची शोषक माती दिली. ती इतकी उपयुक्त ठरली की त्याने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्या ६५ सेंटला विकावयास काढल्या. ज्या काळात वाळू जवळजवळ फुकट मिळे त्या काळात मातीला दाम कोण देणार, ही शंका खोटी ठरली आणि त्या पिशवीवर एक मोठा उद्योग उभा राहिला.

मात्र दार बंद झाल्यावर मांजराने काय गमावले, याचा ताळेबंद निघावयास आणखी कित्येक वर्षे जावी लागली. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते त्याला मांसातूनच मिळवावे लागते. उंदीर खाणाऱ्या मांजराला याची चिंता नव्हती, परंतु डब्यातल्या अन्नावर सर्वस्वी विसंबलेल्या अनेक मांजरांची हृदये टॉरिनच्या कमतरतेने दुबळी होतात, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, तेव्हा उत्पादकांना आपल्या अन्नातील त्याचे प्रमाण वाढवावे लागले. त्याहून सूक्ष्म होता तो मनाचा विषय. घरात राहणाऱ्या काही मांजरांना मूत्राशयाचा दाह वारंवार होई आणि त्याचे कारण मूत्रतपासणीत गवसत नसे. ओहायोतील टोनी बफिंग्टन या पशुवैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मांजरांच्या भोवतालच्या परिस्थितीत पालटाची तजवीज केली, चढावयास उंच जागा, लपावयास आडोसा, नखे घासण्यास खांब आणि शिकारीची हौस भागविणारा खेळ यांकडे लक्ष पुरवले, आणि दुखणे पुष्कळ उतरले, असे त्यांनी २००६ साली नोंदवले.

आज मुंबई-पुण्याच्या सदनिकांत जाळी लावलेल्या खिडकीत बसणारी मांजरे याच इतिहासाची वारस आहेत, आणि रस्त्यावरची वाहने पाहता त्यांना आत ठेवणे शहाणपणाचेच आहे. परंतु या कथेतील सालांचा क्रम मोठा बोलका आहे: धन्याच्या नाकाला होणारा त्रास १९४७ मध्येच दूर झाला, मांजराच्या हृदयाची विचारपूस १९८७ साली झाली, आणि त्याच्या कंटाळ्याला औषध मिळावयास २००६ उजाडले. ज्याला आज नवे मांजर घरी आणावयाचे असेल त्याने हा क्रम उलटा करावा. आधी उंच फळी व रोजच्या खेळाची वेळ ठरवावी, मग अन्नाची पारख करावी, आणि मातीची पिशवी शेवटी विकत घ्यावी.