पानिपत : विड्यापासून वाताहतीपर्यंत

मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंची फौज नोव्हेंबर १७६० पासून पानिपतात खंदकाआड अडकून पडली होती. अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीने दिल्लीची वाट रोखली होती, रसद तोडली होती. रसदेचा भार ज्यांच्यावर होता ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढवय्यांखेरीज हजारो यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे होते. त्यांनाही खायला घालायचे होते.

१३ जानेवारी १७६१, रात्र
सरदार आणि शिपाई भाऊंच्या डेऱ्यात येतात. दोन दिवस पोटात कण नाही, दोन रुपये शेर मोजूनही दाणा मिळत नाही. उपाशी तडफडण्यापेक्षा शत्रूवर तुटून पडू, मग व्हायचे ते होवो, असे त्यांचे म्हणणे. भाऊ लांबलचक बोलत नाहीत. तुमचे मत तेच माझे, एवढेच सांगतात. विडे वाटले जातात आणि शेवटच्या श्वासापर्यंत लढायची शपथ होते. मग हुकूम सुटतो : उरलेसुरले धान्य वाटून टाका, आज सगळ्यांना एकदा पोटभर जेवू द्या.

१४ जानेवारी, पहाटे ३ च्या सुमारास
अब्दालीला मिळालेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताला भाऊंची चिठ्ठी मिळते. तह होत असेल तर आत्ताच करा, पुढे वेळ उरणार नाही. तेवढ्यात हेर बातमी आणतात, मराठे बाहेर पडत आहेत. शुजा स्वतः जाऊन अब्दालीला उठवतो.

उजाडताना
मराठी फौज खंदकाबाहेर येते. पगड्यांचे शेव सुटे सोडलेले, तोंडाला आणि हातांना हळद फासलेली. मरणाची तयारी करूनच माणसे निघाली आहेत. मधल्या फळीत हत्तीवर भाऊ आणि पेशव्यांचा मुलगा विश्वासराव, डावीकडे कवायती पायदळाचा सरदार इब्राहिमखान गारदी, उजवीकडे शिंदे-होळकर.

सकाळ
गारद्यांच्या पलटणी संगिनी रोखून अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर चालून जातात. रोहिले हजारोंनी पडतात. पण इब्राहिमखान स्वतः जखमी होतो आणि त्याच्याही बहुतेक पलटणी कापल्या जातात.

दुपार
भाऊंची हुजुरात, म्हणजे खास फौज, अब्दालीच्या वजीर शाहवलीखानाची फळी फोडते. शुजाने चौकशीला पाठवलेला काशीराज वजिराला पाहतो : चिलखत घातलेला, घोड्यावरून उतरलेला, संतापाने तोंडात माती कोंबणारा. आपला देश लांब आहे, पळून जाल कुठे, असे तो आपल्याच माणसांना विचारतो आहे. उपाशी फौजेने अफगाणांवर ही वेळ आणली आहे.

१ नंतर
अब्दाली पळणाऱ्यांना अडवायला स्वार धाडतो. मागे फिरेल त्याला कापा, असा हुकूम देतो आणि राखीव ताजी फौज पुढे लोटतो. भाऊंकडे मागे ठेवलेली फौज नाही. जे होते ते सकाळीच पणाला लागले आहे.

२ ते ३ च्या दरम्यान
विश्वासरावांना गोळी लागते. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात आणि गर्दीत घुसतात. लांबून बघणाऱ्यांना रिकामी अंबारी तेवढी दिसते. सेनापती पडला, अशी समजूत पसरते.

४ च्या सुमारास
फळी मोडते. होळकर निघून जातात. भाऊ लढता लढता पडतात. दिवस मावळेपर्यंत पाठलाग चालतो. दुसऱ्या दिवशी पकडलेल्यांची सरसकट कत्तल होते, बायकामुले गुलाम होतात. इब्राहिमखान आणि जनकोजी शिंदे कैदेत मारले जातात. २३ जूनला नानासाहेब पेशवे पुण्यात पर्वतीवर प्राण सोडतात.

मराठ्यांचा धीर सुटला म्हणून पानिपत झाले, असे म्हणणाऱ्यांनी त्या दिवशीची सकाळ आणि दुपार नीट पाहावी. विडा उचलणाऱ्यांनी शब्द पाळला होता. अडीच महिन्यांच्या कोंडीतली उपासमार आणि राखीव फौजेची उणीव त्या शब्दाने भरून निघणारी नव्हती. त्या हिशोबाचे उत्तर रसद आणि डावपेच ठरवणाऱ्यांनी द्यायचे. एका जेवणावर दिवसभर झुंजलेल्या शिपायाला त्याचा दोष देऊ नये.