मेट्रॉइड

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा अंतराळ-शोधमोहिमेवरील व्हिडिओ गेम. ६ ऑगस्ट १९८६ रोजी तो जपानमध्ये फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या डिस्क सिस्टिमसाठी आणि १९८७ मध्ये अमेरिकेत कार्ट्रिजवर आला. निर्माता गुनपेई योकोई. संगीतकार हिरोकाझू तनाका. १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटाची छाप त्याच्या वातावरणावर स्पष्ट दिसते.

झेबेस ग्रहाच्या भुयारांत शिरून सॅमस अरान या खेळाडूच्या पात्राने ‘मदर ब्रेन’ या शत्रूचा नाश करायचा, एवढेच कथानक. एका बाजूने दिसणारे दृश्य पात्राबरोबर आडवे किंवा उभे सरकते. त्या काळच्या बहुतेक खेळांत सतत उजवीकडेच जायचे असे. येथे मात्र पहिले उपकरण सुरुवातीच्या जागेच्या डावीकडे ठेवलेले आहे. ते मिळाले की सॅमस चेंडूसारखी गोल होऊन अरुंद फटींतून घरंगळत जाते. लाल दारे क्षेपणास्त्रांनी उघडतात. बर्फकिरणाने गोठवलेल्या शत्रूंवर पाय ठेवून उंच चढता येते. त्यामुळे आधी अडलेल्या वाटा पुन्हा धुंडाळाव्या लागतात. खेळात नकाशा नसल्याने खेळाडू तो स्वतः कागदावर काढत. शोधाचा हा आनंद हेच खेळाचे खरे आकर्षण होय. पाच तासांच्या आत मोहीम फत्ते केल्यास शिरस्त्राण उतरते आणि सॅमस स्त्री असल्याचे उघड होते.

कार्ट्रिजवरील आवृत्तीत प्रगती जपण्यासाठी २४ अक्षरांचा पासवर्ड उतरवून घ्यावा लागे, ही तिची गैरसोय. ‘सुपर मेट्रॉइड’ (१९९४) मध्ये नकाशाची सोय झाली. मूळ खेळाची नवी आवृत्ती ‘मेट्रॉइड : झिरो मिशन’ २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.