बापाची टाकी, लेकाची माती

काचेच्या टाकीत मासे पाळण्याच्या छंदाचा जनक कोण, या वादातली नावं ठरलेली आहेत. सिसिलीत 1832च्या सुमारास काचेच्या पेट्यांत सागरी जीव जगवणाऱ्या जान व्हिलप्रे-पॉवर, लंडनमध्ये बंद काचपेटीत नेचे वाढवणारे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड, त्याच शहरात पोवळी जिवंत ठेवणाऱ्या अ‍ॅना थिन आणि 1854 साली ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहून घरोघरी टाक्या नेणारे फिलिप गॉस. यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला अडकवलं ते रॉबर्ट वॉरिंग्टन या नावानं. कारण या नावाची माणसं दोन आहेत, बाप आणि लेक. आणि गोड्या पाण्याच्या टाकीची खरी कुळकथा त्या दोघांमधल्या तीस वर्षांत आहे, असं माझं ठाम मत आहे.

थोरले वॉरिंग्टन लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होते. 1849 साली त्यांनी बारा गॅलनची, म्हणजे साधारण 54 लिटरची टाकी अर्धी झऱ्याच्या पाण्यानं भरली. तळाला वाळू आणि चिखल, वर मॅटलॉकहून आणलेले चुनखडीचे सच्छिद्र दगड, व्हॅलिस्नेरियाचं एक लहानसं रोप आणि दोन छोटे गोल्डफिश. काही दिवसांत रोपाची जुनी पानं सडू लागली, पाणी गढूळलं, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी सडकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी निवळलं. 1850 मध्ये त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्यांचा हिशोब असा : मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती उजेडात तो घेऊन ऑक्सिजन देते, गोगलगाय साफसफाई करते. ताळमेळ बसला.

या ताळमेळावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या टाक्या मांडल्या गेल्या. पण त्यात एक खातं कोरंच राहिलं. मासा नुसता श्वास सोडत नाही, तो अमोनियाही सोडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया थोडा साचला तरी मासे दगावतात. गोगलगायीला तो खाता येत नाही. उलट तीही तोच सोडते. मग थोरल्या वॉरिंग्टनांचे दोन गोल्डफिश तगले कसे?

उत्तर लेकाकडे आहे. धाकटे रॉबर्ट 1838चे. बापाची टाकी मांडली गेली तेव्हा अकरा वर्षांचे. रसायनशास्त्राचे पहिले धडे त्यांनी बापाच्याच प्रयोगशाळेत गिरवले. पुढे ते रॉथमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात रुजू झाले. 1877 साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच जोडीनं गटाराचं पाणी वाळू आणि चुनखडीच्या थरातून झिरपवलं आणि दाखवलं की त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवंत सूक्ष्मजीव असतात. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की काम बंद. धाकट्या वॉरिंग्टनांनी हाच धागा धरला आणि पुढची कित्येक वर्षं त्यातच घातली. त्यांना आढळलं, की या जीवांना उजेड मानवत नाही, आम्ल मारणारा चुन्यासारखा पदार्थ मात्र हवाच. आणि काम दोन टप्प्यांत होतं : आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, दोन्हींचे कारागीर वेगळे. ते जीव शुद्ध रूपात वेगळे काढणं त्यांना जमलं नाही. तो मान 1890च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कींना मिळाला.

आता बापाच्या टाकीचा तळ पुन्हा पाहा. वाळू, चिखल, चुनखडी. फ्रेंच जोडीच्या थरात जे होतं तेच, वर मातीतल्या जीवाणूंचं विरजण! बाप उजेडाच्या बाजूनं हिशोब मांडत बसला, आणि खरं काम अंधाऱ्या तळाशी चाललं होतं.

यावर शेतीच्या इतिहासकारांचा आक्षेप ठरलेला : धाकट्यांचा रस खतात आणि शेतातून निचरून जाणाऱ्या पाण्यात होता, माशांत नव्हे. मान्य. टाकी पाहून ते नायट्रेटकडे वळले असा माझा दावा नाही. पण वाळू, पाणी आणि सडणारी पानं यांच्याकडे सतत बघणाऱ्या घरात वाढलेल्या मुलानं पुढे नेमका कुजण्याचाच हिशोब हाती घ्यावा, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाणवनस्पती अमोनिया थेट शोषतात, तेव्हा श्रेय व्हॅलिस्नेरियालाच द्या, असं वनस्पतिपक्ष म्हणतो. भरगच्च झाडीच्या टाकीत ते बरोबरही आहे. पण इथे रोप एकच, तेही लहान, आणि सुरुवातीला त्याचीच पानं सडत होती. एवढ्याशा रोपावर दोन गोल्डफिशचा भार मला पटत नाही. वनस्पतीला मदतनीस म्हणा, मुकादम नको.

आपल्याकडे ही करामत फार जुनी आहे, फक्त टाकीबाहेरची. शोरा म्हणजे नायट्रेटच. बिहारच्या गावांतल्या, गुराढोरांच्या मूत्रानं भिजलेल्या मातीतून तो काढला जाई, आणि ईस्ट इंडिया कंपनी तोफांच्या दारूसाठी तो जहाजं भरून नेई. ती माती पिकवणारे जीवाणू आणि माशांच्या टाकीतले जीवाणू यांचा धंदा एकच.

2015 साली मात्र धाकट्यांच्या सिद्धांतालाही तडा गेला. नायट्रोस्पायरा या कुळातले काही जीवाणू दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात, असं दोन संशोधक गटांनी एकाच वेळी ‘नेचर’मध्ये जाहीर केलं. त्यांतल्या एका गटाला ते सापडले मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये. लेकाचं कोडं शेवटी माशांच्याच पाण्यात सुटलं.

नव्यानं टाकी मांडणाऱ्यानं या कुळकथेतून घ्यायचं ते एवढंच : फिल्टर कचरा गाळण्यापुरता नसतो, त्याचा स्पंज म्हणजे जीवाणूंची वस्ती. तो नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा. फिल्टर रात्री बंद करू नका. या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो. पन्नास-साठ लिटरची टाकी भरा, क्लोरीन घालवा, फिल्टर सुरू करा, रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्या. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होईल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, हे टेस्ट किटवर पाहा. मग पाच-सहा झेब्रा डॅनियो सोडा. गंगेच्या खोऱ्यातला हा काटक मासा आहे, फ्रान्सिस हॅमिल्टननं 1822 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. बाकीची मंडळी त्यानंतर, थोडी थोडी. गोल्डफिशचा मोह टाळा. तो फार घाण करतो आणि लहान टाकीत मावत नाही.

टाकी आज आणा, मासे महिना-दीड महिन्यानं आणा. दुकानदार दोन्ही एकाच दिवशी देऊ लागला, तर मासे त्याच्याकडेच राहू द्या.