हाराल्ड त्सुर हाउझेन

हाराल्ड त्सुर हाउझेन (जन्म : ११ मार्च १९३६, गेल्झेनकिर्शेन, जर्मनी, मृत्यू : २९ मे २०२३) हे जर्मन विषाणुशास्त्रज्ञ होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मानवी पॅपिलोमा विषाणू कारणीभूत असतो, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. या कार्यासाठी त्यांना २००८ सालच्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

शिक्षण आणि कारकीर्द

त्सुर हाउझेन यांनी बॉन, हॅम्बुर्ग आणि ड्युसेलडॉर्फ येथे वैद्यकीय शिक्षण घेतले व १९६० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे आणि पुढे व्युर्झबुर्ग येथे त्यांनी एपस्टाईन-बार विषाणूवर काम केले. बर्किट लिंफोमा या कर्करोगाच्या काही पेशी विषाणूचे कण तयार करत नाहीत. तरीही त्यांत या विषाणूचा डीएनए असतो, असे त्यांना आढळले. १९७२ पासून एर्लांगेन-न्युर्नबर्ग आणि १९७७ पासून फ्रायबुर्ग विद्यापीठात ते प्राध्यापक होते. १९८३ ते २००३ या काळात त्यांनी हायडेलबर्ग येथील जर्मन कर्करोग संशोधन केंद्राचे नेतृत्व केले.

संशोधन

१९७० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संबंध प्रामुख्याने हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार २ या विषाणूशी जोडला जात असे. त्सुर हाउझेन यांना मात्र गाठींच्या नमुन्यांत या विषाणूचा डीएनए सापडला नाही. चामखीळ निर्माण करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंपैकी एखादा या रोगामागे असावा, अशी कल्पना त्यांनी मांडली. हे विषाणू प्रयोगशाळेत सहज वाढत नसल्याने त्यांच्या गटाने विषाणूऐवजी त्याच्या डीएनएचा शोध घेतला. जननेंद्रियांवरील चामखिळींतून मिळालेला प्रकार ६ कर्करोगाच्या नमुन्यांत आढळला नाही. अखेर १९८३ मध्ये प्रकार १६ आणि १९८४ मध्ये प्रकार १८ हे नवे प्रकार कर्करोगाच्या ऊतींमध्ये सापडले. जगभरातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण या दोन प्रकारांशी निगडित आहेत.

हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये मिळालेल्या 'हेला' पेशींतही प्रकार १८ चा डीएनए आढळला. कर्करोगग्रस्त पेशींत विषाणूची ई६ आणि ई७ ही जनुके सक्रिय असतात, असे या गटाने दाखवले. त्यांपासून बनणारी प्रथिने पेशीविभाजनावर नियंत्रण ठेवणाऱ्या अनुक्रमे पी५३ आणि आरबी या प्रथिनांना निष्प्रभ करतात, हे पुढे इतर प्रयोगशाळांनी सिद्ध केले. मात्र बहुतेक संसर्ग आपोआप बरे होतात; अनेक वर्षे टिकून राहिलेल्या संसर्गातूनच कर्करोग उद्भवतो.

लस आणि प्रतिबंध

विषाणूची ओळख पटल्यामुळे रोग होण्यापूर्वीच तो टाळण्याचा मार्ग खुला झाला. १९८० च्या दशकात त्सुर हाउझेन यांनी लसनिर्मितीसाठी औषध कंपन्यांशी संपर्क साधला. परंतु त्यांना प्रतिसाद मिळाला नाही. पुढे इतर शास्त्रज्ञांनी विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनापासून लस विकसित केली आणि २००६ मध्ये अशा पहिल्या लसीला मान्यता मिळाली. या लसीत विषाणूचा डीएनए नसल्याने तिच्यामुळे संसर्ग होत नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या लसीला २०२२ मध्ये भारतात परवानगी देण्यात आली. ती प्रकार ६, ११, १६ आणि १८ यांपासून संरक्षण देते. आधीच झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही. त्यामुळे ती किशोरवयात देणे अधिक उपयुक्त ठरते आणि लस घेतलेल्या स्त्रियांनाही नियमित तपासणी आवश्यक असते.

पुरस्कार

२००८ च्या नोबेल पारितोषिकाचा उर्वरित अर्धा भाग एचआयव्हीच्या शोधासाठी फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांना विभागून देण्यात आला.