यजमान प्रणाली व प्लग-इन यांतील सामाईक क्लास

सामाईक क्लास म्हणजे यजमान संगणकप्रणाली आणि तिला मागाहून जोडले जाणारे प्लग-इन हे दोघेही ज्यांचा वापर करतात असे क्लास होत. प्लग-इन बहुधा निराळ्या व्यक्तींनी, यजमान प्रणाली पूर्ण झाल्यानंतर लिहिलेले असतात. त्यामुळे दोहोंतील देवाणघेवाणीचे स्वरूप आधीच ठरलेले असावे लागते. यजमान प्रणाली ते इंटरफेसच्या रूपाने ठरवते आणि प्लग-इन त्याची अंमलबजावणी करतात. या लेखात मुख्यतः जावा भाषेतील व्यवस्थेचा विचार केला आहे.

क्लासची ओळख

जावामध्ये क्लास स्मृतीत आणण्याचे काम क्लास लोडर करतो. क्लासची ओळख केवळ नावाने ठरत नाही. त्याचे पूर्ण नाव आणि त्याला घडवणारा लोडर या दोहोंनी मिळून ती ठरते. पिंपळगाव नावाची गावे नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पत्रावर तालुका-जिल्हा नसेल तर ते कोठे पोहोचवावे हे टपालखात्यास कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. एकाच फाइलमधील क्लास दोन लोडरांनी स्वतंत्रपणे घडवला, तर तो अक्षरन् अक्षर सारखा असूनही दोन भिन्न क्लास ठरतो. एकाचा ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या जागी वापरू गेल्यास ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ ही त्रुटी येते. जुन्या आवृत्त्यांत या त्रुटीच्या संदेशात एकच नाव दोनदा येई, त्यामुळे नवखा प्रोग्रॅमर हमखास गोंधळे. अलीकडच्या आवृत्त्या संदेशात लोडरचाही उल्लेख करतात.

ही ओळख आरंभी इतकी पक्की नव्हती. निरनिराळ्या लोडरांनी आणलेले एकाच नावाचे क्लास परस्परांच्या जागी खपवून जावाची प्रकारसुरक्षा मोडता येते, हे विजय सारस्वत यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. शेंग लियांग व गिलाड ब्राचा यांनी १९९८ च्या निबंधात त्यावर लोडर-निर्बंधांचा उपाय मांडला.

वाटणीची रीत

नेहमीच्या रीतीत लोडर प्रथम आपल्या पालक लोडरकडे क्लासची मागणी करतो आणि तेथे न मिळाल्यासच स्वतः शोधतो. यजमानाचा लोडर पालक व प्रत्येक प्लग-इनचा लोडर त्याचे अपत्य अशी रचना केली, म्हणजे इंटरफेस एकदाच घडतो. प्लग-इनच्या जार फाइलमध्ये इंटरफेसची दुसरी प्रत ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक होय. पालकाला अग्रक्रम असेल तेथे ती निरुपद्रवी राहते. टॉमकॅटमध्ये मात्र वेब-अनुप्रयोगाच्या स्वतःच्या लोडरला अग्रक्रम असतो. म्हणूनच सर्व्हलेटचे मूळ क्लास त्याने या सवलतीतून वगळले आहेत.

सर्वच क्लास पालकाकडून घेणेही इष्ट नसते. दोन प्लग-इनना एकाच लायब्ररीच्या भिन्न आवृत्त्या हव्या असतील, तर त्या ज्याच्या त्याच्या लोडरकडेच असाव्यात. सामाईक तेवढा करार असावा. ओएसजीआय या मानकात कोणते पॅकेज बाहेर द्यायचे, कोणते आत घ्यायचे आणि कोणत्या आवृत्तीचे, हे प्रत्येक मॉड्यूलला लिहून द्यावे लागते. एक्लिप्सने २००४ मध्ये ३.० या आवृत्तीपासून हे मानक स्वीकारले.

रुग्णालयांतील उपयोग

ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची मुक्त प्रणाली अशाच मॉड्यूलांवर उभी आहे. प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्र लोडर असतो आणि ते ज्यांवर अवलंबून आहे त्या मॉड्यूलांची नावे त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये द्यावी लागतात. रुग्ण, भेट, निरीक्षण हे क्लास गाभ्यात असून सर्व मॉड्यूल तेच वापरतात. भारतात विकसित झालेली बाह्मनी ही रुग्णालयप्रणाली याच गाभ्याचा आधार घेते. तिचा पहिला वापर छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयात झाला. अशा प्रणालीत ‘रुग्ण’ हा क्लास दोनदा घडला, तर एका मॉड्यूलने पाठवलेली नोंद दुसरे मॉड्यूल नाकारते आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचा अहवाल अडून राहतो. ही अडचण खरीच; पण भलत्याच स्वरूपाची नोंद मुकाट्याने स्वीकारली जाण्यापेक्षा ती परवडते.

आवृत्तीबदल

सामाईक इंटरफेस एकदा प्रसिद्ध झाला, की तो बदलणे कठीण जाते. त्यात नवी मेथड घातली आणि यजमानाने जुन्या प्लग-इनवर ती वापरू पाहिली, तर ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्टमेथडएरर’ ही त्रुटी येते. २०१४ मधील जावा ८ पासून इंटरफेसमध्येच मेथडची मूलभूत अंमलबजावणी देण्याची सोय झाली, त्यामुळे जुने प्लग-इन पुन्हा कंपाइल न करताही चालू राहू शकतात.